भूमीची गणना आणि नकाशाची रेषा
(इंद्रपुरी, भोपाळ येथे विद्यार्थी व व्यावसायिक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



पंचांगात सूर्योदयाची वेळ पाहणाऱ्या गृहस्थास एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. पंचांग ज्या स्थळासाठी रचलेले असेल, त्याहून आपले गाव पूर्वेस वा पश्चिमेस असल्यास वेळेत फरक करून घ्यावा लागतो. सिद्धान्तग्रंथांत यालाच देशांतर-संस्कार म्हटले आहे, आणि तो करण्यासाठी उज्जयिनीवरून जाणारी दक्षिणोत्तर रेषा मूळ मानली आहे. उज्जैनहून भोपाळ सुमारे 1 अंश 38 कला पूर्वेस आहे. एका अंशास चार मिनिटे, या हिशेबाने भोपाळचा मध्याह्न उज्जैनच्या मध्याह्नाहून सुमारे साडेसहा मिनिटे आधी होतो. दोन्ही गावांचा मध्याह्न खराच. परंतु एकाची वेळ दुसऱ्याच्या कोष्टकात संस्काराविना लिहिली, तर दोन सत्यांतून एक असत्य निर्माण होते.

आजच्या विषयाचे बीज यातच आहे. अंकीय नकाशा आणि भौगोलिक माहिती प्रणाली, जिला व्यवहारात जीआयएस म्हणतात, ही विद्या संगणकाची असली, तरी तिचा पहिला प्रश्न पंचांगकर्त्याचाच आहे. हे अंक कोणत्या मूळस्थानापासून मोजले?

या प्रश्नाचे भारतातील उत्तर भोपाळच्या शेजारीच आहे, हे अनेकांस ठाऊक नसते. कर्नल विल्यम लॅम्बटन याने 1802 मध्ये मद्रास येथे भूमीच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला. आधाररेषा साखळीने मोजावयाची, तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीचे कोन घ्यावयाचे, आणि एका त्रिकोणावर दुसरा त्रिकोण रचीत उत्तरेकडे सरकावयाचे, अशी ती पद्धती होती. हे काम चालू असतानाच 1823 मध्ये लॅम्बटन वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे निधन पावला. त्याची समाधी तेथेच आहे. त्याच्यामागून जॉर्ज एव्हरेस्ट याने काम हाती घेतले आणि 1824-25 मध्ये विदिशा जिल्ह्यातील सिरोंज येथे आधाररेषा मोजली. सिरोंजजवळील कल्याणपूर हे ठिकाण पुढे भारतीय मोजणीचे मूळस्थान ठरले. भारतीय सर्वेक्षण विभागाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे कागदी नकाशे त्या मूळस्थानाशी आणि एव्हरेस्टच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पृथ्वीच्या आकाराशी बांधलेले होते.

उपग्रहांनी ही व्यवस्था पालटली. हातातील यंत्र आज जे अक्षांश-रेखांश दाखविते ते कल्याणपुरापासून मोजलेले नसून पृथ्वीच्या मध्यबिंदूस मूळ मानणाऱ्या जागतिक प्रणालीतील असतात. तिचे नाव डब्ल्यूजीएस 84. परिणाम असा, की जुन्या नकाशावरून वाचलेले अंक कोणी नव्या नकाशावर जसेच्या तसे टाकले, तर भोपाळसारख्या ठिकाणी वस्तू शंभर मीटरांहून अधिक सरकते. विहीर शेजाऱ्याच्या शेतात जाते, आणि रस्ता नाल्यात पडतो. संगणक याबद्दल तक्रार करीत नाही. अंकांची बेरीज तो अचूक करतो. अंक कोणत्या कुळातले, हे सांगण्याचे काम मनुष्याचे आहे.

याच जातीची दुसरी सावधगिरी प्रक्षेपाची. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरविताना कोठेतरी ताण पडतोच. तो थोडा राहावा म्हणून प्रचलित पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडलेले आहेत. भोपाळ 43 व्या पट्ट्यात येते, नागपूर 44 व्या. दोहोंमधून 78 अंशांची रेषा जाते. भोपाळच्या अभियंत्याने नागपूरच्या सहकाऱ्याकडून आलेले अंक पट्टा न पाहता आपल्या नकाशात घेतले, तर नागपूर भलत्याच जागी दिसेल.

आता या प्रणालीचे स्वरूप पाहू. नकाशा संगणकात ठेवणे म्हणजे कागदाचे छायाचित्र घेऊन ठेवणे नव्हे. भूमीवरील वस्तू तेथे अंकांनी लिहिल्या जातात. विहीर हा बिंदू, नदी ही रेषा, शेत हे क्षेत्र. आणि प्रत्येकामागे तिच्या माहितीचे कोष्टक. विहिरीच्या बिंदूस तिची खोली, पाण्याची पातळी, मोजणीचा दिनांक हे सारे जोडलेले असते. उपग्रहाचे चित्र मात्र चौकोनी घरांचे असते; सेंटिनेल-2 या उपग्रहाच्या चित्रात बारीकातले बारीक घर भूमीवर 10 मीटर लांब व 10 मीटर रुंद असते. अशा एकेका विषयाचा एकेक स्तर करावयाचा आणि स्तरांवर स्तर ठेवून प्रश्न विचारावयाचे, ही या विद्येची रीत. कॅनडात 1960 नंतरच्या दशकात रॉजर टॉमलिन्सन याने देशाच्या जमिनीचा हिशेब घेण्यासाठी अशी पहिली मोठी प्रणाली उभी केली.

भोपाळकरांस उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. राजा भोजाच्या नावाशी जोडलेला मोठा तलाव समोर आहे. तो आणि छोटा तलाव मिळून होणारी भोज पाणथळ भूमी 2002 मध्ये रामसर यादीत आली. तिचे नोंदलेले क्षेत्र 3,201 हेक्टर. मोठ्या तलावाचे पाणलोट सुमारे 361 चौरस किलोमीटर आहे. पहिला स्तर पाण्याचा, दुसरा भूमीच्या उंचीचा, तिसरा कोलांस नदीचा व तिला मिळणाऱ्या नाल्यांचा, चौथा शेतांचा, पाचवा वस्तीचा व रस्त्यांचा. हे पाच स्तर जुळले की, कोणत्या वस्तीचे सांडपाणी उतारावरून कोणत्या नाल्याने तलावात येते, हे डोळ्यांपुढे उभे राहते. एकट्या कागदावर जे महिनोन्‌महिने ध्यानात येत नाही, ते एका सायंकाळी ध्यानात येते.

परंतु येथेच विद्यार्थ्याने थांबून विचारावे की, तलावाचा काठ कोठे आहे? तलाव भरला म्हणजे त्याची पातळी समुद्रसपाटीपासून 1666.80 फूट मानली आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरते, आणि जेथे काठ सपाट असेल तेथे ते पुष्कळ आत जाते. मे महिन्याचे चित्र घेऊन कोणी काठ आखला, तर श्रावणात पाण्याखाली जाणारी जमीन कोरडी म्हणून नोंदली जाईल. उद्या तीवर घर उभे राहील, आणि परवा पूर आल्यावर दोष तलावास दिला जाईल. म्हणून स्तरावर दिनांक लिहिणे हा केवळ कारकुनी उपचार नव्हे.

रेषेच्या जाडीचाही विचार हवा. पन्नास हजारांस एक या प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेषा भूमीवर 25 मीटर जागा व्यापते. संगणकाच्या पडद्यावर तीच रेषा कितीही मोठी करून पाहता येते, तिच्या दोन्ही बाजूंस घरे मोजता येतात; पण मोठी केल्याने ती अधिक खरी होत नाही. ज्या मोजणीत 25 मीटरांचा संदेह आहे, तीवरून शेजाऱ्यांच्या कुंपणाचा न्याय करू नये.

नकाशाची रेषा मनुष्याच्या आयुष्यावरून कशी जाते, हे या नगरास निराळे सांगावयास नको. 1854 मध्ये लंडनमध्ये पटकीची साथ आली असता डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यू घरोघर मांडले, आणि ब्रॉड स्ट्रीटवरील एका पाण्याच्या पंपाभोवती ते दाटलेले दिसले. त्यांनी घर हा बिंदू धरला होता. भोपाळात 2 व 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री युनियन कार्बाईडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. तो वाऱ्याबरोबर गेला. वाऱ्यास महानगरपालिकेच्या सीमा ठाऊक नव्हत्या. पुढे साहाय्याचा प्रश्न आला तेव्हा नगराच्या 56 प्रभागांपैकी 36 प्रभाग वायुबाधित ठरले, आणि 1990 पासून दरमहा 200 रुपयांचे अंतरिम साहाय्य त्या प्रभागांतील रहिवाशांस मिळू लागले. एवढ्या मोठ्या जनसमूहास साहाय्य पोचविताना कोणतीतरी सीमा धरणे भागच होते. तथापि प्रभागाची सीमा कारभाराच्या सोयीसाठी आखलेली असते. ती जेथे एखाद्या गल्लीच्या मधून जाते, तेथे समोरासमोरच्या दोन घरांत खोकणारी दोन माणसे नकाशाच्या दोन बाजूंस पडतात.

या उदाहरणातून विद्यार्थ्याने एक नियम कायमचा लक्षात ठेवावा. नोंद करताना लहानातले लहान मान धरावे. घराघराची नोंद असेल, तर त्यातून गल्ली, प्रभाग, नगर, वाटेल ती सीमा मागाहून काढता येते. पहिली सीमा चुकली तर दुसरी आखता येते. नोंदच प्रभागाची असेल, तर त्यातून घर पुन्हा काढता येत नाही. धान्याची रास करणे सोपे. राशीतून कोणता दाणा कोणत्या कणसाचा, हे सांगणे अशक्य. मात्र ज्याच्या हाती घराघराची नोंद असते, त्याने ती विश्वासाची ठेव समजून जपली पाहिजे. रोग्याचे घर नकाशावर दाखवून चव्हाट्यावर मांडणे हा अपराधच होय.

साधनांची वाण आता उरलेली नाही. क्यूजीआयएस ही प्रणाली 2002 पासून विकसित होत आलेली असून ती विनामूल्य मिळते. भारतीय अंतराळ संशोधन संघटनेने 2009 मध्ये ‘भुवन’ हे नकाशांचे दालन खुले केले. 2020 मध्ये आरंभलेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणातील घरांची मोजणी हाती घेण्यात आली. अभियंता, वैद्य, वकील, पटवारी, शिक्षक, प्रत्येकाच्या कामात ही विद्या आज ना उद्या शिरणार, हे उघड आहे.

म्हणून नवशिक्याने आरंभ लहान करावा. इंद्रपुरीतीलच एखादा नाला घ्यावा. तो उगमापासून पायी चालत जावा. पूल, मोऱ्या, सांडपाण्याच्या वाटा यंत्राने नोंदवाव्या. मग घरी येऊन त्या उपग्रहाच्या चित्रावर ठेवाव्या. चित्र आणि पायी पाहिलेले यांत अंतर पडले, तर आधी आपले मूळस्थान तपासावे, मग दिनांक, मग प्रमाण. आणि तरीही अंतर उरले तर पुन्हा नाल्यावर जावे. प्रत्येक स्तराखाली चार गोष्टी लिहाव्या: माहिती कोणाकडून आली, केव्हाची आहे, कोणत्या मूळस्थानापासून मोजली, आणि किती मीटरांपर्यंत विश्वसनीय आहे. व्यावसायिकाने या चार ओळींवाचून आलेला नकाशा स्वीकारू नये, आणि त्यांवाचून आपला नकाशा कोणाच्या हाती देऊ नये.

कल्याणपूरच्या टेकडीवर कोन घेणाऱ्यांनी त्याच बिंदूचे वेध पुनःपुन्हा घेतले, कारण तेथील लहानशी चूक पुढे शेकडो मैलांवर मोठी होऊन उभी राहील, हे ते जाणत होते. आज वेध घेण्याचे कष्ट उपग्रहाने उचलले आहेत. पडताळा घेण्याचे कष्ट मात्र मनुष्याकडेच राहिले आहेत, आणि नकाशातील रेषेच्या पलीकडे ज्याचे घर पडते, त्याचे सारे भवितव्य त्या कष्टांवर अवलंबून असते.

इत्यलम्।