किल्लारी ते अंबाजोगाई : नऊ सेकंद



किल्लारीच्या भूकंपाचा विषय निघाला की आपल्या भागात एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘त्या रात्री कुत्री लई भुंकत होती.’ कुणी सांगतं, बैलांनी दावं तोडलं. या माणसांना मी खोटं पाडायला आलेलो नाही. पण ती रात्र कोणती होती ते आठवा. 29 सप्टेंबर 1993, अनंत चतुर्दशी. गावोगाव मिरवणुका, ताशे, फटाके. विसर्जन करून माणसं उशिरा आडवी झालेली. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. अशा रात्री कुत्री गप्प राहिली असती तरच नवल. आणि ज्या रात्री कुत्री भुंकली, पण सकाळी काहीच झालं नाही, त्या रात्रींचा हिशेब कोण ठेवतं?

तरी या बोलण्यात थोडं तथ्य आहे. भूकंपाच्या केंद्रातून मुख्यतः दोन लाटा निघतात. पहिली प्राथमिक लाट खडकातून सेकंदाला सुमारे 6 किलोमीटर धावते; ती सौम्य असते. दुसरी साडेतीन किलोमीटरच्या आसपास. खरा दणका हिचा. किल्लारी ते अंबाजोगाई सरळ रेषेत 75 ते 80 किलोमीटर. म्हणजे पहिली लाट इथे 13 सेकंदांत, दुसरी 22 सेकंदांत. मधले नऊ सेकंद जनावरांचे. जमिनीला अंग टेकून बसलेल्या बैलाला ती पहिली थरथर कळू शकते, आपण मात्र घोरत असतो. पण बैलाला कळतो तोही सुरू झालेलाच भूकंप. खुद्द किल्लारीत केंद्र पायाखाली दहा किलोमीटरच्या आतच होतं. तिथे दोन लाटांमधलं अंतर जेमतेम एका सेकंदाचं. एका सेकंदात माणूस अंथरुणावर उठूनही बसत नाही.

यंत्रांचंही तेच. जपानमध्ये 2007पासून देशभर इशारा दिला जातो, उत्तराखंडात 2021पासून तसं ॲप आहे, 2023पासून आपल्याकडच्या अँड्रॉइड फोनवरही सूचना येते. याला कुणी भाकीत म्हणू नये. भूकंप झालेला असतो. त्याची बातमी लाटेच्या पुढे पळवली जाते, एवढंच. दूरच्या गावाला त्याचा उपयोग आहे, केंद्रावरच्या गावाला जवळजवळ नाही.

मग आठवडाभर आधी सांगता येईल का? इथे किल्लारीची गोष्ट फार बोचरी आहे. ऑगस्ट 1992पासून तिथे धक्के बसत होते, 18 ऑक्टोबरचा तर साडेचार रिश्टरच्या आसपासचा होता. लोक भयभीत होते. मग धक्के ओसरले, आणि वर्षभराने 6.2चा आला. आज आपण म्हणतो, जमीन सांगत होती. पण पालघरात, डहाणू-तलासरीकडे, नोव्हेंबर 2018पासून असेच धक्के सुरू झाले, दीर्घकाळ चालले, आणि मोठा भूकंप काही झाला नाही. निलंग्याजवळ हासोरीत 2022मध्ये ‘भूगर्भातून गूढ आवाज’ आले, तिथेही किल्लारी घडली नाही. (वर्तमानपत्रांचा हा ‘गूढ’ शब्द मला पटत नाही. उथळ, लहान भूकंपाची लाट जमिनीतून हवेत शिरते, तिचा तो आवाज.) दोन्हीकडची सुरुवात सारखीच दिसते. फरक कळतो तो नंतर.

चीनमध्ये 4 फेब्रुवारी 1975ला हायचेंग शहर धक्क्यापूर्वी रिकामं केलं गेलं. मोठ्या भूकंपाआधी तिथे लहान धक्क्यांची रांग लागली होती. त्या इशाऱ्याचा खूप गाजावाजा झाला. पुढच्याच वर्षी 28 जुलैला तांगशानमध्ये तसा काही इशारा मिळाला नाही आणि दोन लाख चाळीस हजारांवर माणसं गेली. आपल्याकडे कोयनेत हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या हर्ष गुप्ता आणि सहकाऱ्यांनी चारच्या आसपासच्या भूकंपांची काही भाकितं केली, ती खरीही ठरली. पण कोयना हे एक लाडकं प्रकरण आहे. लहानसा टापू, धरणाच्या पाण्याची चढउतार आणि साठ वर्षांच्या नोंदी. तिथे तीन किलोमीटर खोल छिद्रही पाडून झालंय. मराठवाड्यासाठी असं काही हाताशी नाही.

‘केव्हा’ सांगता येत नाही, ‘कुठे’ सांगता येतं, असं आम्ही शास्त्राची मंडळी म्हणतो. 1993मध्ये तेही चुकलं होतं. भूकंपाच्या धोक्याच्या नकाशावर किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होती. 2002मध्ये ते क्षेत्रच रद्द झालं आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्यात गेला.

सरकारी आकड्यानुसार सुमारे आठ हजार माणसं गेली. काही अंदाज दहा हजारांजवळ जातात. 6.2 हा काही जगबुडीचा भूकंप नव्हे. मारलं ते घरांनी. आपली माळवदाची घरं उन्हाळ्यात गार, त्यात वाद नाही. पण डोक्यावर दीड-दोन फूट मातीचा थर, आणि दोन-तीन फूट जाडीच्या भिंती. ही जाडी फसवी आहे. ती एक भिंत नसतेच. बाहेरून एक थर दगडांचा, आतून दुसरा, मध्ये चिखल आणि खडी. हादरा बसला की दोन्ही थर एकमेकांना सोडतात, भिंत फुगते, आणि माळवद खाली येतं. दोन्ही थरांतून आरपार जाणारे जोड दगड असतील तर भिंत धरून राहते. किल्लारीनंतरच्या दुरुस्तीत उभ्या भिंतींना आरपार भोकं पाडून त्यांत आकड्याची सळई आणि काँक्रीट भरायला गवंड्यांना शिकवलं गेलं ते यासाठीच.

अंबाजोगाईत, केजला, धारूरला असे वाडे अजून पुष्कळ आहेत. तुमचा असेल तर गिलावा निघालेल्या जागी बघा, बाहेर दिसणाऱ्या दगडाचं दुसरं टोक आतल्या बाजूला दिसतं का. साधारण दर चार फुटांवर एखादा तरी दिसायला हवा. नसेल, तर गवंड्याला बोलवा, आणि तोवर त्या भिंतीच्या कडेला खाट टाकू नका.