कोरड्या ओढ्याची वाट
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील भाषण)



माणदेशातील एखाद्या शाळेत भूगोलाचा पाठ चालू असता चुणचुणीत विद्यार्थी विचारतो, “गुरुजी, नदीत पाणीच नाही, मग तिच्यावर एवढा लांब पूल कशाला?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वर्षातील बहुतेक दिवस ज्याने पात्रात वाळूच पाहिली, त्याला पुस्तकातील ‘वाहती नदी’ परकी वाटावी, यात नवल ते काय?

नदी म्हणजे केवळ पाणी नव्हे. पाण्याने युगानुयुगे कोरलेली वाटही नदीच होय. वाट रिकामी असली, म्हणून ती नाहीशी होत नाही. मुलाच्या मनावर प्रथम हे बिंबले पाहिजे.

सह्याद्रीच्या माथ्यावरील महाबळेश्वरास वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुक्याच्या वाट्यास सुमारे ५०० मिलिमीटर येतो, आणि पुष्कळ वर्षी तेवढाही येत नाही. जो येतो, तोही बराचसा परतीच्या पावसात, थोड्या दिवसांत आणि जोराच्या सरींनी. उघड्या टेकड्यांवरून पाणी ओघळींत उतरते, ओघळींचा ओढा होतो. परंतु पात्रातील तापलेली वाळू पहिले पाणी पिऊन टाकते. ती पुरती भिजली, म्हणजेच पाणी पुढे सरकते. म्हणून पुष्कळ सरींचे पाणी मोठ्या नदीपर्यंत पोहोचतच नाही; आणि पोहोचते तेव्हा एकदम लोंढा होऊन येते. लोंढा ओसरल्यावरही वाळूखाली ओल टिकून राहते. उन्हाळ्यात पात्रात झिरे खणून जे पाणी मिळते, ते याच ओलीचे. काठच्या विहिरींनाही तिचाच आधार असतो.

आता ही वाट कोठे जाते ते पाहावयाचे. माणगंगा महादेवाच्या डोंगररांगेत उगम पावते. दहिवडी, म्हसवड अशी गावे मागे टाकीत, आटपाडी-सांगोल्याच्या मुलखातून ती पंढरपूर तालुक्यातील सरकोलीजवळ भीमेस मिळते. भीमा पुढे रायचूरच्या उत्तरेस कृष्णेस मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागरास जाते. त्याच डोंगररांगेतून खटाव तालुक्यात येरळा निघते. ती मात्र दक्षिणेकडे वळून सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे थेट कृष्णेस मिळते. एकाच सरीतील दोन थेंब खोंडाच्या पाठीसारख्या एखाद्या धारेच्या दोन अंगांस पडले, तर एक येरळेच्या वाटेने जाईल, दुसरा माण आणि भीमा यांच्या वाटेने. शेकडो किलोमीटरांची ताटातूट झाल्यावर त्यांची भेट व्हावयाची ती परमुलखात, कृष्णेच्या पात्रात! जलविभाजक या अवघड शब्दाचा अर्थ मुलांस याहून सोपा कसा सांगावा?

हा पाठ फळ्यापुरता ठेवू नये. शाळेच्या अंगणात मातीचा डोंगर करावा, उतारावर बोटाने ओघळी काढाव्यात, पायथ्याशी वाळू पसरावी आणि झारीने पाणी घालावे. पहिली झारी वाळूत जिरेल. तिसरी-चौथी वाहू लागेल. मग मुलांस गावच्या ओढ्यावर न्यावे. तो कोणत्या टेकडीवरून येतो, पुढे कोणत्या गावाच्या शिवेत जातो, हे त्यांनी वडीलधाऱ्यांस विचारावे आणि तालुक्याच्या नकाशावर निळ्या रेघेने दाखवावे. ‘नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ पाहू नये’ असे म्हणतात. परंतु शाळेतील मुलाने नदीचे मूळ अवश्य पाहावे.

हे ज्ञान केवळ परीक्षेसाठी नाही. कोरडा ओढा म्हणजे मोकळी जागा, असे ज्यास वाटते, तो त्यात केरकचरा लोटतो, पात्र नांगरून शेतात घेतो, वाळू बेसुमार उपसतो. वाळू गेली, की ओल साठविणारे कोठारच गेले. मग काठच्या विहिरी आटतात. पात्र अरुंद झाले, की लोंढा घरांत शिरतो. त्याहून मोठा धोका मुलांच्या जिवाचा. गावात ऊन पडलेले असते, वर डोंगरात वीज चमकून पाऊस कोसळून गेलेला असतो, आणि शाळा सुटून घरी निघालेल्या मुलांपुढे कोरडा ओढा घटकाभरात दुथडी भरतो. म्हणून पाणी गढूळ होऊन चढू लागले, की ओढा ओलांडावयाचा नाही, काठावर उंच जागी थांबावयाचे, हा नियम पाढ्यांइतका पाठ झाला पाहिजे. पलीकडच्या वस्तीवरील मुले कोणती, याची यादी शिक्षकाजवळ असावी, आणि आभाळ पाहून त्यांस शाळेतच थांबवून ठेवण्याचे धैर्यही असावे.

पुलाची लांबी उन्हाळ्यातील वाळूसाठी नसते; वर्षातील त्या दोन-चार दिवसांसाठी असते. एवढे ज्या मुलास उमजले, त्याला आपला ओढा पुन्हा कधी कोरडा दिसणार नाही. त्या वाळूत त्याला भीमा दिसेल, कृष्णा दिसेल आणि दूरचा समुद्रही दिसेल.