तीन वाट्यांचा हिशेब



तळोज्याच्या बाजारात संध्याकाळी एक आजी मासळीचे वाटे मांडून बसते. शेजारी तिची नात, तिसरीत शिकणारी. परवा मी 80 रुपयांचे तीन वाटे घेतले आणि पाचशेची नोट पुढे केली. आजीचे हात मासळीत होते, तेव्हा नोट नातीकडे गेली. ओठातल्या ओठात ती म्हणाली, "दोनशेचालीस... साठ, तीनशे... दोनशे, पाचशे." आणि 260 रुपये माझ्या हातावर आले.

पुढच्याच आठवड्यात ती मला शाळेत दिसली. मुलांच्या अभ्यासातल्या अडचणी समजून घ्यायला मी शाळांमधून जाते. 'कच्च्या' मुलांच्या यादीत तिचं नाव होतं. मी पाटीवर 500 वजा 240 मांडलं. शून्यातून शून्य गेलं, शून्य. शून्यातून चार जाईना, म्हणून तिने चारातूनच शून्य काढलं, चार. पाचातून दोन गेले, तीन. उत्तर 340.

तीच रक्कम, तीच मुलगी. मग बुद्धी बाजारात होती आणि वर्गात नव्हती, असं म्हणायचं का?

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात हेच दिसलं होतं. तिथे रस्त्यावर नारळ, फळं विकणाऱ्या मुलांचा अभ्यास 1985 मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाशी हिशेब करताना त्यांची 98 टक्के उत्तरं बरोबर येत. तसलीच गणितं नुसत्या आकड्यांत कागदावर दिली, तेव्हा बरोबर आली जेमतेम 37 टक्के. बाजारात आकड्याला वस्तू चिकटलेली असते आणि उत्तर हवंच असतं, कारण गिऱ्हाईक समोर उभं असतं. मानसशास्त्रात जिला प्रेरणा म्हणतात, ती तिथे वेगळी आणावी लागत नाही.

आता त्या पुटपुटण्याकडे या. लेव वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचं 'विचार आणि भाषा' हे पुस्तक 1934 साली, त्याच्या मृत्यूनंतर निघालं. मूल स्वतःशी मोठ्याने बोलतं, ते बोलणं हळूहळू आत जातं आणि त्याचाच विचार होतो, असं त्याने मांडलं. अवघड काम आलं की ते पुन्हा ओठांवर येतं. वर्गात "पुटपुटू नकोस" म्हणून आपण नेमका विचारच थांबवतो.

आणि ते पुटपुटणं कुठल्या भाषेत? या मुलीच्या घरी आगरी बोलतात. 'मला' नव्हे, 'मना'. 'शाळा' नव्हे, 'शाला'. पहिलीत एकदा ती "मना शालेत..." असं बोलायला लागली आणि सगळा वर्ग हसला. तेव्हापासून वर्गात ती गप्पच असते. हसं होईल या धास्तीने मनाची इतकी जागा अडते, की हातच्याला जागा उरत नाही. तळोज्यात आता नव्या इमारती झाल्या, पेंधरपर्यंत मेट्रो आली, आणि भोजपुरी, कन्नड, उर्दू बोलणारी मुलंही याच बाकांवर बसतात. त्यांचंही हेच होत असणार, असं मला मनापासून वाटतं.

आता त्या 'कच्च्या' मुलांच्या यादीकडे या. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी 1905 साली पॅरिसमध्ये पहिली बुद्धिमापन चाचणी केली, ती कुणाला जादा मदत लागेल ते ओळखण्यासाठी. बुद्धी शिकवण्याने वाढते, असं ते शेवटपर्यंत सांगत राहिले. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी ती चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी नव्याने बेतली. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1940 साली आलं. परक्या भाषेतल्या प्रश्नाने मुलाची भाषा मोजली जाते, बुद्धी नाही, हे त्यांच्या या खटाटोपातून मला कळलं. पण मराठीतही किती मराठ्या आहेत!

म्हणून मी त्या मुलीशेजारी खाली बसले. म्हटलं, "मोठ्याने बोल, घरी बोलतेस तसं. मी पाचशे दिले. तीन वाटे घेतले. तू मला 340 परत देतेस."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पाटीकडे. मग खुदकन हसली.

"आजी एवरे पैसे नाय देनार," म्हणाली, आणि कोपराने पाटी पुसून टाकली.