उपकरणाकडून अभ्यासक्रमाकडे



अध्यक्षाने विषयाचा समग्र आढावा घ्यावा, अशी आपल्याकडे रीत आहे. तो आढावा तुमच्या हातातल्या स्मरणिकेत छापलेला आहे आणि चांगला उतरला आहे, त्यामुळे मी सुटलो. मी एकाच प्रश्नाला हात घालतो. इंजिनिअरिंग फिजिक्सच्या बी.टेक.ची चार वर्षं आखायची कशी? कोणता विषय कोणत्या सेमिस्टरला घ्यायचा, स्पेशलायझेशन कधी निवडायचं आणि कशाच्या आधारावर?

प्रश्न वेळापत्रकाचा वाटतो, पण तसा नाही. सिव्हिल किंवा मेकॅनिकलच्या मुलाने एखादा इलेक्टिव्ह चुकीचा घेतला तरी त्याची पदवी शाबूत राहते. त्या शाखांमध्ये विषयांचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या घोटून बसलेला आहे. आपल्याकडे तशी घडी नाही. इथे आखणी फसली तर चार वर्षांनी मुलगा फिजिक्सचाही नसतो आणि इंजिनिअरही नसतो. श्रोडिंगरचं समीकरण त्याला लिहिता येतं, पण ऑसिलोस्कोपवर लाट स्थिर करताना त्याची बोटं चाचपडतात. मग मुलाखतीला बसलेला माणूस विचारतो, ‘तुम्ही नक्की कोण?’ याचं उत्तर आपण त्याला दिलेलंच नसतं.

प्रवेशाच्या दिवसांत आपण पालकांना मोठी नावं ऐकवतो. डिरॅक इंजिनिअर होते, भाभा इंजिनिअर होते, बार्डीन इंजिनिअर होते. सगळं खरं आहे. डिरॅकनी 1921 साली ब्रिस्टलमधून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. महायुद्धानंतरच्या मंदीत नोकरी मिळेना, म्हणून तिथेच गणित शिकले आणि 1923 मध्ये केंब्रिजला गेले. होमी भाभांना घरच्यांनी केंब्रिजला पाठवलं ते शिकून आल्यावर जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावं म्हणून. 1930 साली त्यांनी मेकॅनिकल सायन्सेसची ट्रायपॉस पहिल्या वर्गात काढली, तेव्हा कुठे त्यांना गणिताकडे वळायला मिळालं. जॉन बार्डीन विस्कॉन्सिनचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर. काही वर्षं एका तेल कंपनीच्या संशोधन शाखेत भूभौतिकीचं काम करून ते प्रिन्स्टनला गेले आणि विग्नर यांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली. हे विग्नर स्वतः केमिकल इंजिनिअर. बुडापेस्टला वडील ज्या कातडी कमावण्याच्या कारखान्याचं काम पाहत, तिथे त्यांनी नोकरीही केलेली.

या यादीतली एक गोष्ट आपण पालकांना सांगत नाही. या सगळ्यांनी इंजिनिअरिंग आणि फिजिक्स एकामागून एक केलं. आधी एक पुरतं, मग दुसरं पुरतं. त्याला सहा-आठ वर्षं लागली. आपण तेच दोन्ही एकदम, चार वर्षांत, तेवढ्याच क्रेडिटमध्ये करायला निघालो आहोत. एआयसीटीईच्या 2018 च्या नमुना अभ्यासक्रमाने चार वर्षांना 160 क्रेडिट ठरवून दिले. त्यातला मोठा भाग पहिल्या वर्षाचे सामाईक विषय, मानव्यविद्या, प्रोजेक्ट आणि इंटर्नशिप यांत जातो. उरलेल्या जागेत बी.एस्सी.चे सगळे पेपर आणि बी.ई.चे सगळे पेपर कोंबू पाहिलं तर दोन्हींची चव जाते. म्हणून काय घ्यायचं याच्याआधी काय सोडायचं, हे ठरवावं लागतं. आपली अभ्यासमंडळं इथेच अडतात, कारण सोडायच्या प्रत्येक विषयामागे कोणीतरी सहकारी बसलेला असतो.

मग निवडायचं कशावरून? माझं मत असं की अभ्यासक्रमाची आखणी उपकरणाकडून उलटी करत यावी. नुसतं म्हणून उपयोग नाही, एक टेबल समोर मांडतो.

तिसऱ्या वर्षाच्या मुलीला एक फोटोडायोड दिला आहे. एका नमुन्यातून अगदी क्षीण प्रकाश बाहेर पडतो आणि डायोडच्या 10 किलो-ओहमच्या रोधावर त्याचे जेमतेम 300 नॅनोव्होल्ट मिळतात. तो रोध स्वतःच उष्णतेमुळे गोंगाट करतो. बेल लॅबोरेटरीत जॉन्सननी मोजलेला आणि नायक्विस्टनी 1928 मध्ये समजावून दिलेला तो हा गोंगाट. 10 किलोहर्ट्‌झची पट्टी उघडी ठेवली तर खोलीच्या तापमानाला तो सुमारे 1.3 मायक्रोव्होल्ट भरतो, म्हणजे सिग्नलच्या चौपट. शिवाय मेन्सचे 50 हर्ट्‌झ आहेत, वरच्या ट्यूबलाइटचे 100 आहेत. स्क्रीनवर सगळं गवतच गवत. मग ती प्रकाशाच्या वाटेत फिरती चकती लावते आणि तिची गती 317 हर्ट्‌झला ठेवते. 300 नको, 350 नको, कारण ते 50 च्या पटीतले. आता सिग्नल त्याच तालात येऊ लागतो. लॉक-इन अॅम्प्लिफायर त्याला त्याच तालाच्या संदर्भलहरीने गुणतो आणि एक हर्ट्‌झच्या अरुंद फटीतून गाळून घेतो. पट्टी दहा हजार पटींनी आकसली की गोंगाट शंभर पटींनी उतरतो आणि 13 नॅनोव्होल्टवर येतो. अॅम्प्लिफायरचा स्वतःचा गोंगाट क्षणभर बाजूला ठेवला तर 300 नॅनोव्होल्ट आता स्वच्छ दिसतात. याची किंमत वेळात मोजावी लागते. फट जितकी अरुंद, तितकं प्रत्येक रीडिंगसाठी थांबणं आलं.

आता या टेबलावर कोणकोणते विषय आले ते पाहा. गुणाकार आणि गाळणी म्हणजे फूरिए. गोंगाट म्हणजे सांख्यिकी भौतिकी. डायोड म्हणजे घन अवस्था. भिंगं आणि चकती म्हणजे प्रकाशशास्त्र. अॅम्प्लिफायर म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स. आपल्या वेळापत्रकात हे पाच विषय पाच वेगवेगळ्या माणसांकडे आणि बहुधा पाच वेगवेगळ्या सेमिस्टरना असतात. ज्या मुलीने फूरिए शिकलेला नाही ती टाइम कॉन्स्टंटचं बटण फिरवत बसते, आकडा आवडला की लिहून घेते आणि जर्नल सही करून घेते. आपण सहीही करतो.

हा प्रयोग पाचव्या सेमिस्टरला नीट व्हायला हवा असेल, तर सिग्नल्स अँड सिस्टिम्स चौथ्या सेमिस्टरच्या पुढे ढकलता येत नाही. त्याच्यासाठी गणिती पद्धतींचा पेपर तिसऱ्याला संपलेला पाहिजे. लिनिअर अल्जेब्रा क्वांटमच्या आधी पाहिजे. बरोबरीने चालणार नाही. अनेक ठिकाणी आयगेनव्हॅल्यू हा शब्द मुलं क्वांटमच्या तासाला प्रथम ऐकतात आणि गणिताच्या तासाला दोन महिन्यांनी त्याची व्याख्या मिळते. क्वांटम अवघड आहे म्हणून ओरड होते. त्यातली निम्मी अडचण क्वांटमची नसून क्रमाची असते. विद्युतचुंबकत्वाचे दोन पेपर मात्र मी कोणालाही कापू देणार नाही, कारण ऑप्टिक्स, अँटेना, प्लाझ्मा आणि सेमीकंडक्टर यांच्याकडे जाणाऱ्या सगळ्या वाटा तिथून फुटतात.

एक विषय आपल्याकडे हमखास राहतो, आणि त्याच्यासाठी मी भांडायला तयार आहे. तो विषय कंट्रोल सिस्टिम्स. फिजिक्सवाल्यांना तो इंजिनिअरिंगचा वाटतो, इंजिनिअरिंगवाल्यांना तो इलेक्ट्रिकलचा खास प्रांत वाटतो. पण आज कुठल्याही प्रयोगशाळेत जा. लेझरची वारंवारिता स्थिर ठेवायची, क्रायोस्टॅटचं तापमान धरून ठेवायचं, सूक्ष्मदर्शकाचं टोक पृष्ठभागापासून नॅनोमीटरभर अंतरावर तरंगतं ठेवायचं, सगळीकडे फीडबॅकच. क्लासिकल मेकॅनिक्समधले दोन प्रगत पाठ त्याच्यासाठी गेले तर मला वाईट वाटेल, पण मी जाऊ देईन.

आता स्पेशलायझेशन. मुलं विचारतात, ‘सर, सध्या कशाला स्कोप आहे?’ ‘स्कोप’ ऐकलं की मला हवामान खात्याची आठवण येते. 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्राने नॅशनल क्वांटम मिशनला 6,003 कोटींची मंजुरी दिली आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना क्वांटम हवं झालं. सेमीकंडक्टर कारखान्यांच्या घोषणा झाल्या तेव्हा सगळे डिव्हाइसकडे धावले. दोन्ही क्षेत्रं चांगली आहेत, मुलांनी जावं. पण घोषणेपासून कारखान्यापर्यंतचा काळ आणि दुसऱ्या वर्षापासून पदवीपर्यंतचा काळ यांचा मेळ बसेलच असं नाही.

त्यापेक्षा मी मुलांना हिंगोली जिल्ह्यात नेतो, म्हणजे बोलण्यातून. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहणार आहे. 2016 मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली, 2023 मध्ये 2,600 कोटींची मंजुरी आली. काटकोनात दोन बाहू, प्रत्येक चार किलोमीटरचा. 14 सप्टेंबर 2015 ला अमेरिकेतल्या तशाच दोन यंत्रांनी जी पहिली गुरुत्वीय लहर टिपली, तिने बाहूंच्या लांबीत केलेला फरक प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही शेकडो पटींनी लहान होता. हे ऐकून मुलं भारावतात, ते ठीक. मी त्यांना पुढे विचारतो, ‘या यंत्राचा कुठला भाग बिघडला तर रात्री दोनला फोन तुला यावा असं तुला वाटतं?’ लेझर? मग फोटॉनिक्स, क्वांटम ऑप्टिक्स आणि एक चांगली ऑप्टिक्स लॅब. निर्वात नळ्या? मग व्हॅक्यूम तंत्र, पदार्थविज्ञान, मेकॅनिकलचे दोन पेपर. आरसे टांगणारी आणि जमिनीची थरथर अडवणारी व्यवस्था? मग दोलनं, कंट्रोल आणि मापनाचं इलेक्ट्रॉनिक्स. की येणाऱ्या आकड्यांतून सिग्नल ओळखणं? मग संख्याशास्त्र, सिग्नल प्रोसेसिंग, संगणकीय भौतिकी. खोडदच्या जीएमआरटीत 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत, तिथेही हाच प्रश्न विचारता येतो. फॅब्रिकेशनच्या क्लीनरूमलाही तो लागू पडतो.

या प्रश्नाचा फायदा असा की उत्तरात चार-पाच विषय एकमेकांना धरून येतात. सहाव्या सेमिस्टरपासून तेवढेच घ्यावेत, आणि त्यातला निदान एक तरी आधीच्याशिवाय समजणार नाही असा असावा. प्रत्येक क्षेत्रातला एकेक ओळखवजा इलेक्टिव्ह घेणारी मुलं मला दरवर्षी भेटतात. त्यांच्या गुणपत्रिकेवर ‘इंट्रोडक्शन टू’ पाचदा छापलेलं असतं. मायनर घ्यायचा असेल तर तो याच साखळीला जोडून घ्यावा. संगणकशास्त्राचा मायनर निव्वळ प्लेसमेंटसाठी घेणाऱ्यांवर मी टीका करणार नाही. घरची परिस्थिती प्रत्येकाची वेगळी असते, आणि शिक्षणकर्जाचा हप्ता श्रोडिंगर भरत नाही. एवढंच सुचवीन की ते घेतानाही न्युमरिकल पद्धतींचा आपला पेपर सोडू नका. समीकरण सोडवणारा प्रोग्राम लिहिणारे पुष्कळ आहेत, पण त्याच्या उत्तरात चूक किती हे सांगणारे कमी आहेत.

विद्यार्थ्यांसाठी एक व्यावहारिक गोष्ट. गेटमध्ये इंजिनिअरिंग फिजिक्स नावाचा पेपर नाही. तुम्हाला फिजिक्सचा, इलेक्ट्रॉनिक्सचा किंवा इन्स्ट्रुमेंटेशनचा पेपर द्यावा लागतो. म्हणजे तुमची साखळी कुठल्या पेपराकडे जाते हे पाचव्या सेमिस्टरपर्यंत ठरलेलं बरं. आठव्यात ठरवलं तर कोचिंग क्लासवाले ठरवतात.

दुपारच्या सत्रात अभ्यासमंडळांचे सदस्य बसणार आहेत, त्यांच्यापुढे एक मुद्दा ठेवतो. नमुना अभ्यासक्रमात एक तास व्याख्यानाला एक क्रेडिट आणि एक तास प्रात्यक्षिकाला अर्धा. ही विभागणी सगळ्या शाखांना सरसकट लावली आहे. आपल्या शाखेत तिचा परिणाम मी वर सांगितलेल्या टेबलावर होतो. तीन तासांच्या लॅबला दीड क्रेडिट, त्याशिवाय जर्नल, त्याशिवाय ओरल. मुलं हिशेबात पक्की असतात, ती रीडिंग जमवतात, म्हणजे आधी आलेख काढतात आणि मग त्यावर बसतील असे आकडे लिहितात. स्वायत्त संस्थांना हे बदलायला वाव आहे. तिसऱ्या वर्षाच्या दोन लॅब एकत्र करून पंधरा छापील प्रयोगांऐवजी चार लांब प्रयोग ठेवावेत आणि त्याला पूर्ण चार क्रेडिट द्यावेत. त्यासाठी जागा लागेल. ती कुठून काढायची, याची माझी यादी तयार आहे. तिच्यात पहिलं नाव माझ्याच आवडत्या पेपरचं आहे, त्यामुळे चर्चेला सुरुवात करायला हरकत नसावी.