किडनी, सुई आणि आपली घेटुळी
(सामूहिक वनहक्क दाव्यांच्या शिबिरातील भाषण)



दाव्याच्या शिबिरात औषधाचं कशाला काढलं, असं कोणी म्हणेल. पण ऐका.

लावणीच्या दिवसांत आपण दिवसभर वाकतो, पाणी कमी पितो आणि रात्री अंग ठणकलं की सुई मारून घेतो. डायक्लोफेनॅकसारखी दुखण्यावरची औषधं किडनीकडे जाणारं रक्त कमी करतात. अंगात पाणी नसलं की धोका जास्त. गिधाडं कुठं गेली? याच औषधानं. सुई दिलेली गुरं मेली, ती गिधाडांनी खाल्ली आणि त्यांच्या किडन्या बंद पडल्या. 2006 मध्ये सरकारने गुरांसाठी ते बंद केलं. जेन्टामायसिनचं इंजेक्शन जीव वाचवतं, पण तेही किडनी बिघडवू शकतं.

आता प्रयोगशाळांत काय करतात? उंदरांना जेन्टामायसिन टोचतात आणि सोबत पुनर्नवेच्या मुळीचा, गोखरूचा, पळसफुलांचा अर्क पाजतात. मग रक्तातलं क्रिएटिनिन मोजतात. अर्क पाजलेल्या उंदरांची किडनी कमी बिघडली, असं काही प्रयोगांत दिसलंय. पुनर्नवा म्हणजे आपल्या बांधावरची घेटुळी. सूज आली, लघवी अडली की आपल्या म्हाताऱ्या उकळून देतात तीच!

पण उंदराला लागू पडलं म्हणजे माणसाला पडेलच असं नाही. सुई घेतली, वर काढा प्यायला, झालं काम, असं समजू नका. किडनी आधीच बिघडली असेल तर मुळीही बाधू शकते. पाय सुजले, लघवी कमी झाली तर दवाखान्यात जा, रक्त तपासा म्हणून सांगा, आणि कोणती सुई घेतली तेही सांगा. लाजू नका.

आता हक्काचं. शहरात अर्क बाटलीत भरतील, पण कोणत्या झाडाला हात लावायचा ते आधी आपल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक होतं. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3(1) मध्ये जैवविविधतेचा आणि पारंपरिक ज्ञानाचा सामूहिक हक्क लिहिलाय. औषधी वनस्पती गौण वनोपजात धरल्यात. तरी आम्ही पाहिलेल्या दाव्यांत तेंदू आहे, बांबू आहे, अन् ज्ञानाचा रकाना कोरा!

तो भरा. झाडाचं नाव आपल्या बोलीत लिहा, कुठं मिळतं ते लिहा. औषधाची कृती मात्र फॉर्मवर नको, ती ग्रामसभेच्या वहीत राहू द्या. पुढच्या ग्रामसभेत आधी म्हाताऱ्या बायांना बोलू द्यायचं, मग ठराव.