काळ वजा, कोन शिल्लक

नळी, स्टार्टर आणि जड लोखंडी चोक असलेली जुन्या पद्धतीची ट्यूबलाइट ज्या घरात अजून टिकून आहे, तिथे एखाद्या जाणत्या वायरमनकडून एक मोजमाप करून घेण्यासारखे आहे. पट्टी पेटलेली असताना नळीच्या दोन टोकांमधला दाब मल्टिमीटरवर साधारण शंभर व्होल्ट दिसतो. घरात येणारा दाब २३० व्होल्ट, तेव्हा चोकच्या वाट्याला १३० उरावेत, हा कुणाचाही हिशेब. पण मीटर चोकवर लावला की आकडा दोनशेच्या आसपास जातो. शंभर आणि दोनशे मिळून दोनशे तीस! मीटर बदलून पाहिला तरी उत्तर तेच. चूक मीटरची नाही, बेरीज करण्याच्या पद्धतीची आहे. ती पद्धत दुरुस्त करणाऱ्या माणसांची गोष्ट कुलाब्यात सुरू होते आणि अमेरिकेचा मोठा वळसा घेऊन सोलापूरला पोचते.

प्लगमधला दाब क्षणभरही एका जागी नसतो. तो शून्यातून चढत ३२५ व्होल्टपर्यंत जातो, उतरतो, शून्य ओलांडून उलट दिशेने तितकाच खोल जातो आणि परत येतो. ही एक फेरी २० मिलिसेकंदांची. सेकंदाला अशा ५० फेऱ्या. २३० हा आकडा म्हणजे तेवढ्याच व्होल्टच्या बॅटरीइतकी उष्णता देणारी या हेलकाव्याची किंमत. नळी आणि चोक दोघांवरचा दाब याच चालीने हेलकावतो, पण बरोबरीने नव्हे. प्रवाहात होणाऱ्या बदलाला चोक विरोध करतो, त्यामुळे त्याच्यावरचा दाब प्रवाहाच्या पाव फेरी आधी शिखर गाठतो. नळीची वेळ येते तोवर चोकवरचा दाब शून्यापाशी आलेला असतो. ज्यांची शिखरे एका क्षणी येत नाहीत त्यांच्या आकड्यांची सरळ बेरीज करून चालत नाही.

नळीतला वायू तरंगाचा आकार बिघडवतो, म्हणून स्वच्छ आकड्यांसाठी एक साधे मंडल घ्यावे. ३० ओहमचा रोध आणि त्याच्याशी एकसरीत, ५० हर्ट्झला ४० ओहमचा अडथळा करणारी तारेची गुंडाळी. दोन अडथळे काटकोनात मांडले की कर्ण निघतो ५० ओहम. शाळेतला ३-४-५ चा त्रिकोणच तो. २३० भागिले ५०, म्हणजे प्रवाह ४.६ अँपिअर. रोधावर दाब १३८ व्होल्ट, गुंडाळीवर १८४. सरळ बेरीज ३२२ येते, पण १३८ आणि १८४ यांच्या वर्गांची बेरीज ५२,९००, आणि तिचे वर्गमूळ बरोबर २३०. प्रवाह दाबाच्या सुमारे ५३ अंश मागे राहतो, म्हणजे वेळेच्या भाषेत जेमतेम ३ मिलिसेकंद. या तीन मिलिसेकंदांची किंमत बिलात दिसते. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार १,०५८ होतो, पण प्रत्यक्ष काम करणारी शक्ती फक्त ६३५ वॉट. उरलेली ये-जा तारा तापवते आणि ट्रान्सफॉर्मरची जागा अडवते. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचे वीजबिल २०२० पासून या पूर्ण गुणाकारावर, म्हणजे केव्हीएएचवर, आकारले जाऊ लागले. त्यानंतर कारखानदारांना या कोनाची काळजी जरा जास्तच वाटू लागली.

हा त्रिकोण आज बारावीनंतरचा कुठलाही विद्यार्थी काढतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र दोन रोध, दोन गुंडाळ्या आणि एक कंडेन्सर एवढ्याशा मंडलासाठीसुद्धा अभियंत्याला कलनशास्त्रातली समीकरणे पानेच्या पाने सोडवावी लागत. प्रत्येक ओळीत काळ हजर. मग कुणाच्या तरी लक्षात आले, की मंडलातला प्रत्येक दाब आणि प्रत्येक प्रवाह जर सेकंदाला ५० च फेऱ्या मारत असेल, तर ती फेरी प्रत्येक ओळीत लिहायची कशाला? जत्रेतल्या चक्रीवर बसलेल्या मुलाला पुढच्या घोड्यावरचा मित्र जागचा हललेला दिसत नाही; तो किती अंतर पुढे आहे एवढेच दिसते. सर्वांना समान असलेले फिरणे वजा केले की मागे दोनच गोष्टी उरतात: तरंग किती मोठा आणि इतरांच्या किती अंश पुढे-मागे. एका स्थिर बाणात मावणारी ही माहिती म्हणजे फेझर.

या वजाबाकीला हवी असलेली गणिती भाषा आधीच तयार होती, फक्त ती दुसऱ्या दुकानात पडून होती. उणे एकच्या वर्गमुळाने गुणले की प्रतलावरचा बाण काटकोनात वळतो, हे चित्र कॅस्पर वेसल या नॉर्वेजियन मोजणीदाराने १७९७ मध्ये आणि आर्गांने १८०६ मध्ये मांडले होते. साइन तरंगाच्या बदलाचा वेग काढला की तोच तरंग पाव फेरी पुढे सरकून मिळतो. पाव फेरी म्हणजेच काटकोन. म्हणून जिथे जिथे कलन करायचे तिथे एका काल्पनिक संख्येने गुणायचे, आणि कलनशास्त्राचे गणित बेरीज-गुणाकाराचे होऊन बसते.

ही जोडणी विद्युत मंडलांसाठी खणखणीतपणे केली ती आर्थर केनेली यांनी. १७ डिसेंबर १८६१ रोजी मुंबईत कुलाब्याला त्यांचा जन्म झाला. वडील आयरिश नौदल अधिकारी. आई लहानपणीच गेली, आणि बापलेक इंग्लंडला परतले. पुढे समुद्राखालून तारा नेणाऱ्या कंपनीत उमेदवारी करत केनेली जे शिकले, त्या जोरावर ते १८८७ मध्ये एडिसनच्या प्रयोगशाळेत पोचले. एडिसन हा डीसीचा कडवा कैवारी, आणि एसीचे गणित सोपे करणारा निबंध त्याच्याच सहायकाने लिहावा, यात थोडी गंमत आहेच. एप्रिल १८९३ मध्ये अमेरिकन विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे केनेलींनी तो वाचला. विषय होता इम्पिडन्स, म्हणजे मंडलाचा एकूण अडथळा. ऑलिव्हर हेव्हिसाइडने १८८६ मध्ये हे नाव रुळवले होते. केनेलींनी दाखवले, की ते एक साधी मिश्र संख्या (वास्तव आणि काल्पनिक भागांची जोडी) म्हणून हाताळता येते, आणि डीसीसाठी शिकलेला ओहमचा नियम तसाच्या तसा वापरता येतो.

चार महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त आंतरराष्ट्रीय विद्युत परिषद भरली. (विवेकानंदांनी ज्या सर्वधर्म परिषदेत भाषण केले ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने पुढच्या महिन्यात झाली.) तिथे चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी दाब, प्रवाह, इम्पिडन्स या सगळ्यांना एकाच मिश्र संख्यांच्या चौकटीत बसवले. स्टाइनमेट्झ १८६५ मध्ये ब्रेस्लाऊला जन्मले. ठेंगणे, पाठीला कुबड, विचाराने समाजवादी. त्यापायी जर्मनी सोडून पळावे लागलेले. १८८९ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्यावर अधिकारी त्यांना परतच पाठवणार होते, सोबतच्या मित्राने हमी घेतली म्हणून आत येता आले. केनेली आधी की स्टाइनमेट्झ आधी हा वाद फारसा उपयोगाचा नाही. वाट केनेलींनी दाखवली, पण कारखान्यातल्या अभियंत्यांच्या दोन पिढ्यांना त्या वाटेवरून चालवले ते स्टाइनमेट्झच्या पुस्तकांनी.

त्या बाणांनी घराघरातली बरीच कोडी सुटतात. छताच्या पंख्यात अडीच मायक्रोफॅरडचा एक छोटा कंडेन्सर असतो. एका गुंडाळीतला प्रवाह तो दुसरीच्या पुढे ढकलतो. दोन बाणांत कोन पडला की चुंबकीय क्षेत्र फिरू लागते आणि पाती त्याच्यामागे जातात. कंडेन्सर म्हातारा झाला की कोन आणि प्रवाह दोन्ही घटतात, पंखा रेंगाळतो, आणि घरातले लोक रेग्युलेटरला दोष देतात. थ्री फेजमध्ये तीन बाण १२० अंशांच्या अंतराने उभे असतात आणि त्यांची बेरीज शून्य येते, म्हणून तिन्हीकडे सारखा भार असेल तर न्यूट्रलच्या तारेत प्रवाहच उरत नाही. गावात दोनच फेज येत असताना कंडेन्सर लावून विहिरीवरची मोटर चालवणारा शेतकरी तिसरा बाण स्वतः घडवत असतो. तो बाण अपुरा असतो आणि कधी कधी मोटर जळते, ते वेगळे.

जुगाडाला मर्यादा असते तशी फेझरलाही आहे. तरंग साइनचा हवा, वारंवारता एकच हवी आणि सगळे स्थिरस्थावर झालेले हवे. एलईडी दिवे आणि संगणक प्रवाहाचे लचके तोडून घेतात, त्यातून १५० हर्ट्झचे तरंग जन्मतात. तीन फेजचे असे तिघे १२० ऐवजी ३६० अंशांनी सरकतात, म्हणजे एकमेकांवर नेमके बसतात, आणि रिकामी असायची ती न्यूट्रल तार तापते. विजेच्या कडकडाटापुढे तर फेझर निरुपयोगीच. खुद्द स्टाइनमेट्झ अखेरच्या वर्षांत प्रयोगशाळेत कृत्रिम वीज पाडण्याच्या मागे लागले होते. तिथे त्यांचे स्वतःचेच हत्यार चालणारे नव्हते.

खरी परीक्षा मात्र ग्रिडने घेतली. उच्चदाब वाहिनीच्या दोन टोकांना दाब जवळजवळ सारखाच असतो. वीज कुठून कुठे वाहायची हे ठरते ते त्या दोन दाबांमधल्या कोनावरून. कोन वाढला की वहन वाढते, ९० अंशांपाशी टोक गाठते, आणि त्यापुढे दोन्ही बाजू एकमेकींपासून निसटतात. दोन वेगवेगळी ग्रिडे जोडायची तर कोन आधी जुळवावे लागतात. पश्चिम आणि दक्षिण भारताची ग्रिडे कित्येक वर्षे अशी जुळलेली नव्हती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावती इथे एसीची आधी डीसी आणि तिची पुन्हा एसी करून वीज पलीकडे दिली जाई. डीसीला कोन नसतो, तेव्हा भांडणही नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी ७६५ किलोव्होल्टची रायचूर–सोलापूर वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे बाण उरलेल्या देशाच्या बाणांबरोबर फिरू लागले. तेव्हापासून देशाची मुख्य ग्रिडे एका तालात आहेत.

त्याआधी सुमारे दीड वर्ष, ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी, उत्तर भारत अंधारात गेला होता. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्यही गेले. महाराष्ट्राचे पश्चिम ग्रिड त्यातून वाचले. चौकशीत निघालेले कारण इथे फार महत्त्वाचे आहे. ४०० किलोव्होल्टच्या बिना–ग्वाल्हेर वाहिनीवर कुठलाही दोष नव्हता. वाहिनीचा रक्षक रिले दाबाच्या फेझरला प्रवाहाच्या फेझरने भागून इम्पिडन्स काढतो. ते फार कमी आले तर जवळपास कुठे तार टेकली असे समजून वाहिनी तोडतो. भार इतका वाढला होता आणि दाब इतका उतरला होता, की भागाकार तसाच आला. रिले आपल्या नियमाला धरून वागला, आणि कोट्यवधी लोकांची वीज गेली. केनेलींचा भागाकार बरोबर होता; एकाच टोकाला उभे राहून तो करणाऱ्याला पूर्ण चित्र दिसत नव्हते.

पूर्ण चित्रासाठी शेकडो किलोमीटर दूरच्या दोन उपकेंद्रांतले कोन एकाच क्षणी मोजायला हवेत, आणि नेमका तो क्षणच फेझरने टाकून दिलेला. कागदावर संदर्भाची रेघ कुठेही ओढता येते. पडघ्याची रेघ आणि रायचूरची रेघ एकच आहे हे कोण सांगणार? हा प्रश्न सोडवणारे अरुण फडके ग्वाल्हेरला जन्मलेले, आयआयटी खरगपूरचे पदवीधर. अमेरिकेतल्या वीज कंपनीत संगणकाधारित रिले घडवताना त्यांच्या लक्षात आले, की रिले सुटासुटा जो फेझर मोजतो त्याला अचूक वेळेचा शिक्का मारला तर देशभरचे बाण एका चित्रात आणता येतील. १९८८ मध्ये व्हर्जिनिया टेकमध्ये फडके आणि जेम्स थॉर्प यांच्या गटाने फेझर मापन यंत्राचा, म्हणजे पीएमयूचा, पहिला नमुना उभा केला. घड्याळ उपग्रहांचे, जीपीएसचे. ५० हर्ट्झला एका मिलिसेकंदाची चूक म्हणजे १८ अंश, पार दिशाभूल करणारी. एका मायक्रोसेकंदाची चूक मात्र ०.०१८ अंश. स्टाइनमेट्झने काळ बाहेर काढून गणित सोपे केले होते. फडक्यांनी तोच काळ मायक्रोसेकंदांच्या मापाने परत आणला. २०१२ नंतर भारतातल्या उपकेंद्रांत ही यंत्रे मोठ्या प्रमाणावर बसवली गेली, आणि जुन्या प्रणालीत काही सेकंदांनी येणारा आकडा सेकंदाला पंचवीस वा अधिक वेळा येऊ लागला.

आता अडचण दुसऱ्या बाजूने येते आहे. धुळे जिल्ह्यात साक्रीला आहे तशा सौर प्रकल्पात फिरणारे जड जनित्र नसते. तिथले इन्व्हर्टर ग्रिडचा कोन मोजतात आणि त्याच्यामागे स्वतःचा तरंग रचतात. जड रोटर कमी झाले की वारंवारता धक्क्याला चटकन हलते, आणि त्या थोड्या वेळापुरती सर्वत्र एकच वारंवारता ही फेझरची मूळ अटच खरी राहत नाही. पीएमयू बाण काढतो तो साधारण एक-दोन फेऱ्यांचा तरंग जमवून; त्या वीस-चाळीस मिलिसेकंदांत तरंगच बदलला तर निघालेला बाण कुठल्या क्षणाचा? पीएमयूच्या २००५ च्या आंतरराष्ट्रीय मानकात स्थिर तरंगावरच्या चाचण्या पुरेशा मानल्या होत्या. २०११ च्या आवृत्तीत हलत्या वारंवारतेवरच्या चाचण्याही घालाव्या लागल्या.