आयकॉनच्या फेरफाराचा अधिकार



आपल्या मोबाइलच्या पडद्यावर ओळीने मांडलेली जी चिमुकली चित्रे आपण नित्य पाहतो, त्यांतील एखादे चित्र, ते ज्या अ‍ॅपचे आहे त्या अ‍ॅपनेच आतून बदलून टाकावे काय, आणि बदलायचे तर कोणाच्या संमतीने, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. प्रथमदर्शनी तो प्रोग्रामरांचा खाजगी प्रश्न वाटेल. माझ्या मते तो मालकीहक्काचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच तो या व्यासपीठावर मांडण्याजोगा आहे.

स्थितीप्रमाणे चिन्हाने रूप पालटावे, ही कल्पना नवी नव्हे. अ‍ॅपलच्या १९८४ च्या मॅकिन्टॉश संगणकासाठी चित्रकार सुसान केअर यांनी आलेखाच्या कागदावरील चौकटी भरून चिन्हे रेखाटली. त्याच संगणकाच्या पडद्यावरील कचरापेटी पुढे आत काही टाकले असता फुगलेली दिसू लागली. आयफोनवरील कॅलेंडरचे चिन्ह २००७ पासून आजची तारीख दाखवीत आले आहे, आणि २०१३ च्या आयओएस ७ पासून घड्याळाच्या चिन्हातले काटे खरोखर फिरतात. हे सारे बदल वस्तुस्थितीशी इमान राखणारे आहेत; परंतु आयफोनवर तो अधिकार अ‍ॅपलने आपल्या पदरच्या अ‍ॅप्सपुरताच राखून ठेवला होता. इतरांना मुभा मिळाली ती मार्च २०१७ मध्ये, आयओएस १०.३ सोबत, आणि तीही अटींसह.

त्या अटी मननीय आहेत. पर्यायी चित्रे अ‍ॅपच्या गठ्ठ्यातच आगाऊ घालून ती तपासणीसाठी सादर करावी लागतात. ऐनवेळी सर्व्हरवरून एखादे चित्र मागवून ते आयकॉन म्हणून चिकटविता येत नाही. बदल वापरणाऱ्याच्या इच्छेने व्हावा आणि मूळ चिन्हाकडे परतण्याची सोय अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये असावी, असा दंडक अ‍ॅपलने घालून दिला. शिवाय बदल होताच, अमुक अ‍ॅपचे आयकॉन बदलले आहे अशी सूचना स्वतः आयओएसच पडद्यावर झळकविते. जमिनीच्या फेरफाराची नोंद तलाठ्याने घेतली तरी हितसंबंधी इसमांना तिची नोटीस द्यावी लागते, त्याच जातीचा हा शिरस्ता आहे. भेद एवढाच की, तेथे हरकत घेण्यास मुदत असते आणि येथे ‘ओके’ म्हणण्यापलीकडे काही उरत नाही. ही सूचना दडपण्यासाठी अप्रकाशित फंक्शनांची आडवाट धरणारे काही प्रोग्रामर आहेत. केवळ जाहीर केलेल्याच फंक्शनांचा उपयोग करावा, या अ‍ॅपलच्या नियमाचा त्यात उघड भंग होतो. पण मला अधिक खुपते ते असे की, ज्याच्या पडद्यावर फेरफार झाला त्यालाच त्याची वर्दी मिळू नये, अशी ती तजवीज असते.

अँड्रॉइडची रीत निराळी आहे. तेथे अ‍ॅपच्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे अ‍ॅपची माहिती सिस्टिमला देणाऱ्या फाइलमध्ये, एकाच प्रवेशद्वाराला ‘अ‍ॅक्टिव्हिटी-एलियस’ या नावाखाली अनेक पर्यायी दारे लिहून ठेवता येतात, प्रत्येकाला स्वतंत्र चित्र देता येते, आणि पॅकेज मॅनेजरकरवी एक दार उघडून दुसरे बंद करताच आयकॉन बदलल्यासारखे दिसते. दोन्ही दारे उघडी राहिली तर एकाच अ‍ॅपची दोन चित्रे उमटतात. कित्येक लाँचरांत, म्हणजे होम स्क्रीन मांडणाऱ्या अ‍ॅप्समध्ये, होम स्क्रीनवर हौसेने लावून ठेवलेले चित्र आपल्या जागेवरून नाहीसे होते. वापरणाऱ्याला सूचना देण्याचे बंधन मात्र येथे कोणावरच नाही. सगळीच दारे बंद करून लबाड अ‍ॅप्सनी स्वतःला अदृश्य करून घेतले, ते याच ढिलाईमुळे. अखेर २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून अशा अ‍ॅपचे एक चित्र सिस्टिमच यादीत ठेवू लागली, आणि त्यावर बोट ठेवले की त्या अ‍ॅपच्या तपशिलाचे पान उघडते. हा बंदोबस्त मला अत्यंत आवश्यक वाटतो.

आता जो वापरणारा अक्षरे न वाचता रंगावरून आणि जागेवरून अ‍ॅप ओळखतो, त्याचा विचार करा. दिवाळीच्या विक्रीसाठी एखाद्या दुकानाने नव्या आवृत्तीसोबत आपले आयकॉन नटविले, किंवा भाषा शिकविणाऱ्या डुओलिंगो अ‍ॅपने आपल्या चिन्हातील घुबडाचा चेहरा वितळलेला दाखविला, की व्यापाऱ्याचे काम साधते. परंतु मोतीबिंदू झालेल्या आजोबांना नेहमीचे चित्र हुडकीत बसावे लागते. पडदा आजोबांच्या मालकीचा आहे, आणि तेथे जाहिरातीचा फलक लावण्याची परवानगी त्यांनी कोणालाही दिलेली नाही.

याउलट सिग्नलचे उदाहरण घ्या. संदेशांची गुप्तता राखणाऱ्या या अ‍ॅपने हवामान, बातम्या, टिपणवही अशी वरकरणी निरुपद्रवी चिन्हे पर्याय म्हणून दिली. जिचा मोबाइल घरातच रोज तपासला जातो त्या स्त्रीला त्यांचे मोल किती, हे सांगावयास नको. येथे चिन्ह खोटे बोलते खरे, पण ते मालकिणीच्या हुकुमावरून बोलते, आणि म्हणून मी त्याची बाजू घेतो. मात्र आयफोनवर चित्र बदलले तरी त्याखालचे नाव तसेच राहते. अँड्रॉइडवर प्रत्येक पर्यायी दाराला स्वतंत्र नावही देता येते. ज्या मोकळिकीने लबाडांना लपता आले, तीच या स्त्रीचे अधिक चांगले रक्षण करते. अ‍ॅपलनेही नाव बदलण्याची मुभा द्यावी, परंतु ती अ‍ॅपच्या हाती न सोपविता मोबाइलच्या सेटिंगमध्ये, मालकाच्या पासकोडच्या आड ठेवावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.